कौल यायच्या आधी

त्या सकाळी तुळजाभवानीवर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सगळं वहीत क्रमानं लिहून चालणारी बाई. ह्यांना धाराशिवला अतिदक्षता विभागात ठेवलं तेव्हाही औषधं, तपासण्या, कुणाला फोन करायचे, सगळं लिहून ठेवलं होतं. फुफ्फुसात जुन्या क्षयाचे वण होते, त्यातून रक्त येत होतं. खोकला आला की भांडं लाल व्हायचं. नेहमीचे उपाय संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “रक्ताची गुठळी टिकवून धरणारं एक औषध आहे, ते वाफेतून देऊन बघते. पाकिटावर हा वापर लिहिलेला नाही. काहींना गुण आलाय. पण नको तिथं गुठळी होण्याचा धोकाही आहे. चालत असेल तर इथं सही करा, आणि लवकर करा.”

सासूबाईंनी माझा हात धरला. “आदी आईचा कौल घे, मग काय करायचं ते कर.” सोयरीक असो की विहीर, आमच्या घरात तुळजापूरच्या देवळातल्या चिंतामणी दगडाला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं तर नको. धाकटे दीर तुळजापुरातच असतात. त्यांना देवळात पाठवलं आणि वाट बघत बसले. अर्धा तास गेला. आतून खोकल्याचा आवाज, आणि फोनवर दीर: “वैनी, मंगळवार हाय, रांग लई हाय. म्या काय देवीचा जावई हाय व्हय, मधी घुसायला?”

फरशी पुसणारी एक बाई ऐकत होती. गळ्यात कवड्यांची माळ, म्हणजे देवीचीच आराधी. हात न थांबवता ती म्हणाली, “बाई, सही आईनं करायची आसती तर डाक्टरीण तुळजापूरला गेली आसती की. तुमाला इचारलंय न्हवं?” मला तिचा राग आला. त्याच रागात मी उठले आणि सही केली.

दुपारनंतर रक्त थांबलं. मग दीरांचा फोन आला. दगड डावीकडं फिरला होता. तिसऱ्या दिवशी ह्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मेंदूत गुठळी. त्या औषधानं झाली की दुखण्यानं, हे डॉक्टरीणबाईंना खात्रीनं सांगता आलं नाही. सासूबाईंना खात्री आहे. “आईनं न्हाय म्हणलं व्हतं,” एवढंच त्या एकदा बोलल्या. तेव्हापासून माझ्या हातचा चहा घेत नाहीत.

देवीनं त्या बाईच्या तोंडून मला उठवलं, की दगडाकडून अडवलं? दोन्हीकडं तीच असेल, तर मी कुणाचं ऐकायला हवं होतं? सही केली नसती तर माणूसच गेला असता, असं मनाला समजावते. मन दर वेळी ऐकतंच असं नाही. पण माणूस घरात आहे, भरवलं तर घास गिळतो, माझ्याकडं बघतो. एवढ्यासाठी मी आईची ऋणी आहे, आणि हे म्हणताना तोंड कडू होतं हेही तिच्यापासून लपवत नाही. तुळजापूरला जाते, दगडाकडं वळत नाही. काही विचारत नाही, मागत नाही. हात जोडते आणि ह्यांच्या जेवणाच्या आत पोचवणारी एसटी धरते.