वास न येणाऱ्यांचा वर्ग

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे नाकवाली म्हणायचे, आणि ही पदवी तिने कमावलेली होती. कढईतून उतरलेला प्रत्येक घाणा आधी तिच्या नाकाखालून जायचा. तिने मान हलवली तर तो साच्यात, नाक मुरडलं तर परत कढईत. मोठे साहेबसुद्धा तिच्या निकालावर अपील करत नसत. पुढे कारखाना बंद पडला. जागा नगरपालिकेकडे गेली आणि पॅकिंगच्या दालनात साबणाचं छोटं संग्रहालय उभं राहिलं. साचे, तराजू, वेष्टनांचे जुने कागद, सुगंधी तेलांच्या बाटल्यांचं एक लाकडी कपाट, आणि जणू सामानातच धरलेली नाकवाली. तिकिटं तीच फाडायची, काचा तीच पुसायची, शाळेची मुलं आली की त्यांच्या नाकाखाली बाटलीही तीच धरायची.

मग साथ आली. ती आणि तिची धाकटी बहीण एकाच खोलीत आजारी पडल्या. बहीण खडखडीत बरी झाली. थोरलीचा ताप गेला, खोकला गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग एकदा दूध उतू जाऊन पातेलं करपून काळं झालं आणि ही शेजारीच भाजी चिरत उभी. शिलाई मशीनवरून उठून बहिणीने शेगडी बंद केली. बहिणीची जीभ तिच्या सुईपेक्षा धारदार. ती म्हणाली, "आता घरात दोन माणसं आणि नाक एक. तेही माझं."

कामावर यातलं अक्षर काढू नकोस, असंही तिने बजावलं होतं. सुताराने आपला हात थरथरतो हे गावभर सांगत फिरायचं नसतं. थोरलीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकी उघडायच्या आधी व्यवस्थापकांना सांगून टाकलं. लपवायला मी काय चोरी केली आहे, असं तिचं म्हणणं. व्यवस्थापक हसले. तिकीट फाडायला नाक कशाला लागतं, म्हणाले, आणि विषय विसरून गेले.

डॉक्टरांनी उपाय सांगितला तो अगदी साधा होता. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, असे चार ठसठशीत वास सकाळ-संध्याकाळ हुंगायचे. हुंगताना तो वास आठवायचा. महिनोन्‌महिने. येईल याची खात्री नाही, पण अनेकांना येतो. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. जिथे काहीच नाही तिथे नाक लावून बसायचं म्हणजे बंद दुकानासमोर पिशवी घेऊन उभं राहण्यासारखं. ती दोन-चार दिवस बसायची, मग कंटाळून उठायची.

त्याच सुमारास व्यवस्थापक एका बैठकीहून डोक्यात वारं भरून परतले. साथीनंतर लोकांच्या उपयोगी पडतील अशा संग्रहालयांना आणि वाचनालयांना सरकार अनुदान देणार होतं. पलीकडच्या गल्लीतल्या वाचनालयाने ते पटकावलंही होतं. घरी संगणक नसलेल्या माणसांना नोकरीचे अर्ज भरून द्यायला तिथे टेबल मांडून एक मुलगी बसली होती. साबणाच्या संग्रहालयाने काय करावं? व्यवस्थापकांच्या मनात भिंतभर पडदा होता, त्यावर हात धुण्याचा इतिहास.

ती म्हणाली, "लोक हात धुऊन धुऊन विटलेत, साहेब. वास गेलेल्यांचं काहीतरी बघू. बाटल्या आपल्याकडे आहेतच."

कल्पना वर पाठवली गेली आणि मंजूर झाली. त्यातून खुर्च्या आल्या, ताजी तेलं आली, वर्गाच्या खोलीला नवी खिडकी बसवली गेली, आणि वर्ग घ्यायचं मानधन तिला सुरू झालं. फक्त वर पाठवताना व्यवस्थापकांनी तिला 'अनुभवी गंधपारखी' म्हटलं होतं. अनुभवी ती होतीच. बाकीचं त्यांनी खोलात जाऊन सांगितलं नाही आणि तिला कुणी विचारलं नाही.

वर्गात मात्र तिने पहिल्याच दिवशी पत्ते उघडे टाकले. "माझंही नाक गेलंय. कुणाला शिकवणारा हवा असेल तर तो मी नाही. मी फक्त तुम्हाला उठू देणार नाही." कुणी उठलं नाही. एक बेकरीवाला होता. त्याचे पाव जळायचे आणि गिऱ्हाईक सांगेपर्यंत त्याला पत्ता नसायचा. एक परिचारिका होती, एक निवृत्त शिक्षक होते. शिक्षकांचं दुःख असं की बायको रोज विचारते आमटी कशी झाली, आणि रोज खोटं बोलावं लागतं.

खोलीचे नियम कारखान्याचेच. अत्तर लावून यायचं नाही, चहा आत आणायचा नाही, आणि बाटलीवर नाव लिहायचं नाही. नाव वाचलं की नाक आळशी होतं, असं जुने कारागीर म्हणत. म्हणून बाटलीच्या गळ्याला रंगीत दोरा. दोराही मुद्दाम भलताच. गुलाबाला निळा, लिंबाला काळा, लवंगेला पांढरा. दोऱ्याचा अर्थ फक्त नाकवालीला ठाऊक. ती बाटली फिरवायची, आणि आठवायला धागा हवा म्हणून नाव तेवढं तोंडाने सांगायची, हे लिंबू, आठवा. मग सगळे डोळे मिटून आपापलं लिंबू शोधायचे.

महिने गेले. शिक्षकांना एकदा निलगिरीचा गारवा जाणवला. परिचारिकेला अधूनमधून काहीतरी चाटून जायचं. नाकवालीला काही नाही. तरी ती सगळ्यांच्या आधी बसायची आणि सगळ्यांच्या शेवटी उठायची.

अनुदानाचं काम बघायला वरून एक अधिकारी बाई यायच्या होत्या. त्यांच्या येण्याआधी नाकवालीने बाटल्या स्वच्छ करायला घेतल्या. दोरे सोडायचे, बाटली बाहेरून स्पिरिटने पुसायची, बूच काढून नाकाशी धरायची, मान हलवायची आणि दोरा बांधायचा, ही कारखान्यातली रीत. आयुष्यभर तिच्या हातांनी हेच केलेलं. त्या दिवशीही हातांनी तेच केलं. बाटली नाकाशी गेली, मान हलली, दोरा बांधला गेला. मधली जी एक गोष्ट घडायला हवी होती ती घडलीच नाही, आणि हे तिच्या ध्यानातही आलं नाही. लवंगेच्या गळ्यात काळा दोरा पडला.

अधिकारी बाई मागच्या खुर्चीवर बसल्या, शेजारी व्यवस्थापक. काळ्या दोऱ्याची बाटली फिरली. हे लिंबू, आठवा. परिचारिकेने डोळे मिटून सांगितलं की आज लिंबू बऱ्यापैकी येतंय. शिक्षकांनीही मान डोलावली. बेकरीवाल्याने बाटली घेतली, हुंगली, परत हुंगली. 

मग म्हणाला, "मावशी, ही लवंग आहे."

त्याने पुन्हा हुंगलं. लवंगच, म्हणाला; अगदी देवाशपथ लवंग. तेव्हा इतरांच्या डोक्यात प्रकाश पडला की याला वास आलाय. शिक्षकांनी त्याच्या पाठीत थाप घातली. परिचारिका स्वतःवरच हसत सुटली, कारण तिने नुकतंच लवंगेतून लिंबू काढून दाखवलं होतं. नाकवालीने बाटली हातात घेतली, दोरा बघितला आणि तिला सगळं कळलं.

अधिकारी बाईंनी विचारलं, हे काय चाललंय? व्यवस्थापक तयारच होते. ही आमची परीक्षा असते मॅडम, म्हणाले, मुद्दाम चुकीचं नाव सांगून बघतो, कुणाला उमगतं ते. सबब बेमालूम होती. नाकवालीने नुसती मान हलवली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि मान हलवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"परीक्षा नव्हती," ती म्हणाली. "दोरा मी चुकीचा बांधला. मला वास येत नाही."

अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांचं बोलणंही खोटं नव्हतं. लोक विश्वासाने येतात, त्यांना लवंग देऊन लिंबू सांगितलं जातं, आणि त्यांचं जे काही परत येत असेल त्याची वाटच चुकवली जाते. सरकारने हे पैसे जाणकारासाठी दिले आहेत. तेव्हा नाक शाबूत असलेला प्रशिक्षक नेमावा, तोवर वर्ग बंद ठेवावा आणि मावशींनी पूर्वीसारखी तिकीट खिडकी सांभाळावी.

चूक तिने मान्य केली, तीही पूर्ण. बाटल्यांना हात लावायचा मला हक्क नाही, म्हणाली, ते काम नाकवाल्या माणसालाच द्या; हा बेकरीवाला आजपासून आहेच. पण वर्गाचं वेगळं. ज्याला वास येतो त्याला बाटली म्हणजे नुसती बाटली. तो दोन दिवसांत घड्याळ बघायला लागेल. काहीच येत नसताना रोज कसं बसायचं, हे त्याला कुठून माहीत असणार?

व्यवस्थापकांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं येईल, म्हणाले. अनुदान परत गेलं तर खुर्च्यासुद्धा जातील. तिने सांगितलं की खुर्च्या न्यायला गाडी आली की आम्ही उठून उभे राहू, त्यात काय.

घरी बहिणीने सगळं ऐकून घेतलं. साहेब तुला वाचवत होते, तूच फांदीवर बसून फांदी तोडलीस, असं सुनावलं. थोडा वेळ मशीन चालवली. मग पाय थांबवून विचारलं, "उद्या जाणार आहेस?"

"जाणार."

"मग डबा दुप्पट भरते. तिकडे भांडण लांबलं तर उपाशी राहशील."

सकाळी संग्रहालयाचं दार उघडताच तिने वर्गाची खोली उघडली आणि खुर्च्या मांडल्या. बंदचा निरोप सगळ्यांना गेला होता. तरी शिक्षक आले, परिचारिका रात्रपाळी संपवून थेट आली, बेकरीवाला अंगाला पिठाचा वास घेऊन आला आणि ते त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. दोरे त्याने बांधले. व्यवस्थापक दारात येऊन गेले, पुन्हा आले, आणि शेवटी अधिकारी बाईंना घेऊन आले. त्या गावातून निघायच्या तयारीत होत्या, हातात पिशवी.

नाकवालीने डोळे उघडले. बाईंच्या मनगटावर अत्तर आहे हे तिला कळणं शक्य नव्हतं. बेकरीवाल्याने खूण केली. ती म्हणाली, "मॅडम, बसायचं असेल तर हात धुऊन या. नळ डावीकडे आहे. साबणाची कमी नाही."

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. अधिकारी बाईंनी आपल्या मनगटाकडे बघितलं. मग पिशवी ठेवली, नळावर गेल्या आणि ओल्या हातांनी येऊन बसल्या. चारही बाटल्या फिरल्या. त्यांना चारही वास स्वच्छ आले असणार. तिसऱ्या बाटलीपर्यंत त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या होत्या. नाकवाली मात्र चौथी बाटली नाकाशी धरून बसली होती, शेजारी शिक्षक बसले होते, आणि तिने बूच लावल्याशिवाय कुणी हलत नव्हतं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मोजकंच सांगितलं. बाटल्या बेकरीवाल्याकडे आणि वर्ग मावशींकडे, अशी शिफारस मी करते. वर मान्य होईलच असं नाही. निर्णय येईपर्यंत सरकारी हिशेबाने वर्ग बंद आहे, मानधनही बंद.

"आणि ही खोली?" नाकवालीने विचारलं.

"खोली संग्रहालयाची आहे," अधिकारी बाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघाल्या.

वरून अजून उत्तर आलेलं नाही. तेलं संपत आली की बेकरीवाला स्वतःच्या खिशातून आणतो. नाकवालीला अजूनही काही येत नाही. नवीन माणसं येतात, आणि तुम्हाला वास येतो का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. ती नाही म्हणते. काही जण परत जातात, बरेच बसतात. आपल्या बाजूने नियम पाळलेला असावा म्हणून व्यवस्थापकांनी 'वर्ग तात्पुरता बंद आहे' अशी पाटी करून दिली आहे आणि ती दारावर लावायला सांगितली आहे. तिने ती लावली आहे. सकाळी दार उघडून ती ते भिंतीला टेकवते, तेव्हा पाटीची बाजू भिंतीकडे जाते.