सोडावाल्यासमोरचा माठ

गिंडीला कारखान्यांची वसाहत नवीनच झाली, तेव्हा मी एका वर्कशॉपच्या फाटकावर वॉचमन होतो. नगरकडचा माणूस, चौथी नापास, पोटासाठी मद्रासला आलेला. फाटकाला लागूनच आमची खोली, पुढे करंजाचं झाड. उन्हाळ्यात बायको त्या झाडाखाली ओल्या वाळूवर माठ मांडायची. स्टेशनापासून भाजत आलेले कामगार ओंजळ धरायचे, ती ओगराळ्यानं पाणी ओतायची. प्रभूसाठी करायची, पण पिणाऱ्याला ते ऐकवत बसायची नाही.

समोर सोड्याचं दुकान होतं. मालकाला सगळे 'अण्णाची' म्हणत, तिकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं. आमच्याच चर्चमधला, पुढच्या बाकावर बसून मोठ्यानं गाणारा. फुकटच्या पाण्यानं त्याचा धंदा बसायला लागला. मग त्यानं गिऱ्हाइकांच्या कानात सोडलं, त्या बाईला क्षय आहे, खोकते बघा. खोकायची, खरं आहे. तिचं काळीज अधू होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलेलं, क्षय नाही. पण ते विचारायला कोण येतो?

थोड्याच दिवसांत माठाकडे कुणी फिरकेना. संध्याकाळी ती भरलेला माठ झाडाच्या बुडात ओतायची आणि सकाळी मी विहिरीतून ओढून दिलेल्या पाण्यानं पुन्हा भरायची.

"कशाला मरतेस? कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही त्याला," मी म्हणालो.

"अहो, कुत्र्याला खाली वेगळं ठेवलंय. ते पितं."

"त्याच्या बाटल्याच फोडतो मी."

"फोडा. तुम्ही जाल तुरुंगात. मग विहिरीवरून पाणी कोण ओढणार?"

चांगलं करताना थकू नका असं बायबलात पौलानं लिहून ठेवलंय, तेवढ्यावर ती चालली होती. मी आधीच थकलो होतो.

मे महिन्यात ती गेली. अण्णाची मातीला आला, हार घेऊन. मी तो हार तिच्या पेटीवर ठेवू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन निघालो होतो. रस्त्याच्या मध्यावर थांबलो. बाटल्या काय, नव्या आल्या असत्या. क्षयाची गोष्ट तशीच राहिली असती, वर लोक म्हणाले असते, नवरा डोक्यानं गेला. मला ती गोष्ट मारायची होती. पहार ठेवली आणि माठ भरला.

रोज जेवणाचा भोंगा झाला की मी दुकानाकडे तोंड करून उभा राहायचो आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायचो. धर्म म्हणून नाही, त्याला जाळायला. आधी एक हमाल आला. म्हणाला, "तू मेला नाहीस, मग मी कशाला मरतो?" त्याच्यामागून बाकीचे हळूहळू आले. काही आलेच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णाचीची विहीर आटली. सोडा बंद. भर दुपारी, रस्त्यावर कुणी नाही असं बघून तो झाडाखाली आला.

"दादा, थोडं पाणी," तो म्हणाला.

"बस. भोंगा होऊ दे."

तो बसला. मी बिडी ओढत त्याचे सुकलेले ओठ बघत राहिलो. भोंगा झाला, माणसं जमली. त्यानं ओंजळ धरली. मी ओगराळं भरून वर धरलं, ओतलं नाही.

"आधी सांग. माझ्या बायकोला क्षय होता?"

त्यानं माणसांकडे बघितलं. "नव्हता."

"मोठ्यानं. चर्चमध्ये गातोस तसं."

"नव्हता. मी खोटं बोललो."

तेव्हा ओतलं. पोट भरेपर्यंत ओतलं, कारण ती असती तर तिनंही हात आखडला नसता. माणसांत कुणीतरी म्हणालं, बिचारी, चांगली बाई होती. ते ऐकायला ती नव्हती.

पास्टर म्हणाले, आता माफ कर त्याला. मी म्हटलं, पाणी माझ्या हातात आहे, ते देतो. माफी तुम्ही प्रभूकडे मागा, माझ्याकडे नाही. आज इतकी वर्षं झाली, अजून नाही. पण फाटकावर होतो तोवर माठ भरत राहिलो, आणि अण्णाचीही येऊन पीत राहिला.