दोन पटीचा कन्व्हर्टर आणि समोर अस्वल

मंडळी, आज पार्सल आलं. टेलिकन्व्हर्टर एक, वापरलेला, नऊ हजार, टपालखर्च दीडशे. नवी मोठी लेन्स नको, आहे तिलाच हा जोडला की दुप्पट लांबचं दिसेल, हा हट्ट माझाच.

संध्याकाळी ह्यांच्यासोबत संग्रामपूरजवळच्या आमच्या शेतात गेले. बांधावरच्या बोरीखाली अस्वल होतं. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स नुसती घरघर करत मागंपुढं होत राहिली.

तेवढ्यात अस्वल आमच्याकडे चालू लागलं.

"अहो, ते इकडंच येऊन राह्यलं."

"थांब वं, फोकस लागून नाही राह्यला. सगळं धुरकट दिसते."

त्यांना धुरकट दिसत होतं, मला त्याची नखं दिसत होती. मारुतीरायाचं नाव घेत ह्यांना कॉलर धरून मागं ओढलं. अस्वल नाल्यात उतरलं, म्हणून हे लिहिते आहे.

तरी हे उद्या पुन्हा निघणार. म्हणतात, "तूच त घ्यायले लावला, आता वापरू दे."

कन्व्हर्टर लावल्यावर कमी उजेडात फोकस लागतच नाही का? माझं ऐकत नाहीत, जाणकारांचं ऐकतील. उद्या दुपारच्या आत, उलट टपाली समजून कळवा.