अपवाद नाही

मुलांनो, सकाळी खाली सोसायटीत गवत कापलं, की त्या ओल्या वासाबरोबर मला बिबवेवाडीतल्या बागेचं फाटक आठवतं. कुत्र्यांच्या घाणीला कंटाळून आम्ही फिरायला येणाऱ्यांनी तिथे 'कुत्र्यांना प्रवेश नाही' अशी पाटी लावून घेतली होती. मजकूर माझा, आणि शेवटी 'अपवाद नाही' हे दोन शब्दही माझेच. एके दिवशी एक अंध बाई मोठ्या पिवळसर कुत्र्याचा पट्टा धरून आल्या. रखवालदार म्हणाला, "बाई, पाटी काय शोभेला लावलीय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "मला दिसत नाही, वाचून दाखवा." मी मागेच उभी होते, मी स्पष्ट आवाजात सगळी वाचली. त्या म्हणाल्या, "अहो, हा मला वाट दाखवतो. याच्याशिवाय मी चालू कशी?" मी सुचवलं, "त्याला इथे बांधा, मी तुमचा हात धरते." त्यांनी विचारलं, "रोज धराल?" तुमच्या आजोबांना सातला चहा लागायचा, मी घड्याळ पाहिलं. थोडं थांबून त्या वळल्या. कुत्रा रस्त्याच्या कडेला थांबला, एक रिक्षा जाऊ दिली आणि मग त्यांना पलीकडे घेऊन गेला. आठवड्याभरात मी ते दोन शब्द खोडून घेतले, खाली अंध व्यक्तींच्या कुत्र्यांना परवानगी असल्याची ओळ लिहून घेतली, पण त्या पुन्हा आल्या नाहीत. आता चहासाठी माझी वाट पाहणारं घरी कुणी नाही. बागेत मी एकटीच फेऱ्या मारते, आणि आज कुणी तसं विचारलं, तर रोज धरीन म्हणेन.