जावयाचा ठणका

नवरा-बायको रंगात आलेले असताना मध्येच कोणी हाक मारली, तर पुरुषाच्या अंडकोशात तासभर ठणका लागतो. हे ज्ञान मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, सासरी, पाटावर बसताना झालं.

अधिक महिना होता. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, मला धोंड्याच्या जेवणाला पिंपळगाव राजाला बोलावलं होतं. बायको वीस दिवस आधीच माहेरी आलेली, आणि मी चिखलीत खिचडीवर. पोहोचलो तर सगळे देवळात गेलेले, माडीवर आम्ही दोघंच. (वीस दिवसांनी भेटल्यावर माणसानं काय पंचांग वाचायचं?) आणि अगदी ऐन वेळी, देवळातून परतलेल्या मामाजींचा खालून आवाज आला, "जावईबापू, या खाली. पाट मांडला."

बायको पदर सावरत पळाली. मी भिंत धरून जिना उतरलो. जावयानं पाटावर मांडी घालून ओवाळून घ्यायचं असतं. मी मांडी घातली आणि डोळ्यांपुढे चांदण्या चमकल्या.

"काऊन, काय झालं?" मामाजींनी विचारलं.

"पायाला मुंग्या आल्या."

"मुंग्या पायाले अन् हात जांघेत? हा हर्निया हाये. आमच्या भावाले असाच होता, कापा लागला. डॉक्टरले बलावतो."

कापा लागला! बायकोला खरं कारण ठाऊक होतं, पण ती आरतीच्या ताटाआड तोंड लपवून हसत होती. ज्या कामात दोघांचा वाटा, त्याचा ठणका एकट्यालाच; हा कुठला न्याय?

गावातल्या डॉक्टरांनी आतल्या खोलीत तपासलं. "काही नाही. रक्त तुंबलं. तासाभरात आपोआप थांबते."

मी हात जोडले. "बाहेर गॅस झाला म्हणा. सासर आहे हो हे."

"म्हणतो," म्हणाले, आणि बाहेर जाऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "जावई ठणठणीत हाये, काका. तुमी हाक जराशी लवकर मारली."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या त्या वाढायलाच बाहेर आल्या. मी रागारागात सात धोंडे खाल्ले. (अपमान गिळायला काहीतरी गोड लागतंच.)

जेवणं झाल्यावर मामाजींनी माझ्याकडे न बघता फर्मान काढलं, "चाला सगळे वावरात, नवी बोअर दाखवतो. दोन घंटे कोणी घराकडे फिरकायचं नाई."

घर रिकामं झालं. ठणकाही थांबला होता. बायको दाराला कडी लावायला गेली.

मला जाग आली ती तिच्या हलवण्यानं. "उठा, आले सगळे. बाबा विचारून राह्यले, आता बरं वाटते का."

बरं वाटत होतं. झोप छान झाली होती.