सहलीचा विमा आणि बहिणीची मान

माझी धाकटी बहीण शिक्षिका. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून तिची मान भाजली, आणि कातडी ओढली जाऊन हनुवटीपर्यंत व्रण राहिला. त्यापायी लग्न जमलं नाही, तरी तिनं कधी कुरकुर केली नाही. पन्नाशीला टेकल्यावर मात्र एक दिवस म्हणाली, "दादा, मले एकदा बिनाओढणीचं फिरायचं हाये."

मी म्हटलं, नागपूरला जाऊ. ती नको म्हणाली. तिचंही खरंच होतं. नागपूरच्या कुठल्याही दवाखान्यात बुलडाण्याकडचं कोणी ना कोणी भेटतंच, आणि आपण घरी पोचायच्या आत बातमी आमच्या देऊळघाटात पोचते. या वयात हिला नटायचं सुचलं, असं लोकांनी म्हटलेलं तिला सोसलं नसतं. आईलाही सांगायचं नाही, अशी शपथ तिनं मला घातली.

आमच्या वस्तीतून थायलंडला धम्मसहल निघते. तिकडच्या एका इस्पितळाशी बोलून ती त्या सहलीत सामील झाली. विहारात निरोपाचा कार्यक्रम झाला. प्रत्येक प्रवाशानं दोन शब्द बोलायचे, अशी पद्धत. ती बुद्धमूर्तींबद्दल इतकं छान बोलली की सगळं ठाऊक असूनही माझेच डोळे भरून आले. सहलवाल्यानं सगळ्यांचा विमा काढलेला होता. आम्ही शहाणे, विमा म्हणजे विमा, असं समजून गप्प बसलो. चार प्रश्न विचारायचे तर गुपित उघडं करावं लागलं असतं.

सहल परतली. बहीण ध्यानशिबिराला तिकडेच थांबली, असं वस्तीला आणि आईला सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, पण लावलेली कातडी धरली नाही. मानेत पू झाला, ताप उतरेना. डॉक्टरांनी पुन्हा शस्त्रक्रिया करायचं ठरवलं.

मी विम्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे विचारलं, "ही शस्त्रक्रिया निघायच्या आधीच ठरली होती का?" मी चाचरलो, मग हो म्हणालो. त्यांनी समजावून सांगितलं. ती पाय घसरून पडली असती, तर उपचारही झाले असते आणि सोबतीला नातेवाइकालाही पाठवलं असतं. ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि तिच्यातून उद्भवलेलं काहीही या विम्यात बसत नाही. उपचारासाठी जाणाऱ्यांचा विमा वेगळा असतो, तो निघायच्या आधी घ्यावा लागतो. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

खर्चाचं मी कसंही निभावलं असतं. पण तिच्यापाशी जायला माझ्याकडे पासपोर्टच नव्हता. अर्ज केला. पोलीस ठाण्यातला ओळखीचा हवालदार म्हणाला, होऊन जाईल, एवढी घाई काऊन? मी हसून वेळ मारून नेली. घरी आलो तर आई शेजारणीला कौतुकानं सांगत होती की शिबिरात फोन बंद ठेवावा लागतो, पोरीचं मन लागलं तिथं. मला तिथं उभं राहवेना. मी गोठ्यात जाऊन रडलो.

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी बहिणीनं व्हिडिओ कॉल केला. नर्स तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती, ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. बहीण म्हणाली, "दादा, तू बोलत राह्य. काहीबी बोल." मी सोयाबीनचं बोललो, म्हशीचं बोललो, तिच्या शाळेला रंग देऊन राह्यले म्हणून सांगितलं. मग कोणीतरी फोन तिच्या हातातून घेतला.

ती वाचली. बऱ्याच दिवसांनी परत आली, तीही ओढणी घेऊनच. माझा पासपोर्ट तोवर आलेला नव्हता. दारात आईनं तिच्या गालावरून हात फिरवला, ओढणी बाजूला सारली आणि बघत राहिली. शिबिराचं एक अक्षर विचारलं नाही.

"भाजली होती तवा मी रातभर तुह्या उशाशी बसून होती," आई म्हणाली. "आता कोन होतं वं तुह्यापाशी?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिची बॅग उचलून आत नेली.