कारिवण्याचा पाला आणि नार्वेकर काका

पावणे गावातल्या आमच्या लॅबमध्ये कुणी नवीन आलं की पहिले दोन दिवस कामाचं बोलणंच होत नाही. जो तो आपला किस्सा घेऊन हजर! एवढे किस्से साठतात, कारण दहा दिवस राबायचं आणि अकराव्या दिवशी आपणच गाढव ठरायचं, असा आमच्या कामाचा रिवाज आहे. रडत बसायचं नसेल तर सांगत सुटायचं.

काम काय ते एकदाच सांगते. मेंदूतल्या पेशी ऑक्सिजन वापरतात, त्यातून काही उपद्रवी कण तयार होतात आणि ते त्या पेशींनाच कुरतडतात. लोखंड गंजतं ना, तसंच काहीसं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, हे फार होतं. कारिवणा म्हणून ओलसर जागी उगवणारा पाला असतो. त्याचा अर्क या पेशींना वाचवतो का, हे आम्ही छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये तपासतो.

मॅनेजमेंटनं सुनावलं होतं, "तीन वेळा तोच रिझल्ट दाखवा. नाहीतर प्रोजेक्ट बंद, फ्रीज रिकामा करा."

आमच्या लॅबप्रमुख देशमुख मॅडमनी यात पाच वर्षं घातलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "तीन वेळा दाखवू. विषय संपला."

*

पहिला पराक्रम माझाच. पेशी जिवंत असेल तर पिवळा रंग जांभळा होतो, अशी आमची टेस्ट. मी अर्क घातला, रंग घातला आणि प्लेट गडद जांभळी! मी धावत जाऊन पेढे आणले.

मॅडमनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. "ज्या खळग्यांत पेशी टाकल्याच नव्हत्यास, तिथे काय आलं?"

मी बघितलं. तिथेही जांभळं! पेशी असोत नसोत, पाल्याचा अर्क स्वतःच रंग पालटत होता.

"अभिनंदन!" मॅडम म्हणाल्या. "ज्या पेशी नव्हत्याच, त्यासुद्धा तू वाचवल्यास!"

मग त्यांनी शांतपणे पेढा खाल्ला. आधी अर्क काढून टाकायचा, मगच रंग घालायचा, असा नियम त्या दिवसापासून झाला.

*

अर्क पेशींना वाचवतो का ते बघायचं, तर आधी त्यांना मारायला काहीतरी हवं; त्यासाठी आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो. एकदा पेशी मरेचनात! अर्क दिलेल्या ठणठणीत, न दिलेल्याही ठणठणीत. दोन आठवडे मी सगळ्यांवर डाफरत होते.

शेवटी नार्वेकर काकांनी ती बाटली बघायला मागितली. काका आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, मूळचे गुहागरकडचे. त्यांच्या पिपेटमधून, म्हणजे मोजून थेंब टाकायच्या नळीतून, थेंब पडायचा तोसुद्धा शिस्तीत.

"गो, ही उघडलीस कधी?"

"गणपतीच्या आधी."

"आणि ठेवलीस खिडकीत! अगो, याचं पाणी झालं. दोन आठवडे त्यांना पाणी पाजत्येस, मरतील कशाला?"

*

पाला आम्हाला तळवलीच्या पार्वतीमावशी द्यायच्या. आगरी बाई, आवाज खणखणीत. एकदा पोतं बांधताना म्हणाल्या, "यवरा पाला नेताव, त्याचा करताव तरी काय?"

मी म्हटलं, "मावशी, मेंदूला गंज चढतो, तो थांबवायचाय."

मावशींनी पोत्याची गाठ मारली. "मंग पयला आमचे नगरसेवकाला पाजा!"

*

सानपाड्यात मी राहते तिथे तर उच्छादच. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये गाठून म्हणाले, "मॅडम, मेंदूचं औषध करता ना? बाटलीभर आणा की. मीटिंगमध्ये काय ठरलं ते लक्षातच राहत नाही."

मी म्हटलं, "लिहून ठेवा!" तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बरं झालं!

लॅबमध्ये मात्र देशमुख मॅडमचा शब्द म्हणजे शब्द. "प्लेटमधली पेशी म्हणजे माणूस नव्हे. हे माणसाला चालतं की नाही ते कळायला अजून कैक वर्षं आहेत. तोवर एक थेंब बाहेर जाणार नाही, कुणी कितीही जवळचं असो."

*

पहिल्यांदा रिझल्ट झकास आला. दुसऱ्यांदा बोंब! आकडे कुठल्या कुठे. आम्ही पाला बदलला, पेशी बदलल्या, मी रंग मोजायच्या मशीनला शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी काका एक प्लेट घेऊन आले. तिच्यात नुसतं रंगीत पाणी होतं. "ही मी भरली. सगळ्या खळग्यांत सारखं पडायला हवं होतं. बघा, पडलेलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे?"

"म्हणजे माझा हात कापतो. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलंय. तीन महिने झाले." मग आवाज चढवून म्हणाले, "प्लेटमधल्या मी भरलेल्या ओळी रद्द करा! माझ्यापायी पाल्याला नावं नकोत."

"तीन महिने? आणि आम्हाला आज सांगताय?" मॅडम कडाडल्या. मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. ज्या आजारासाठी आम्ही झटत होतो, तोच आमच्या माणसाला!

*

त्या सगळ्या ओळी मी पुन्हा भरल्या. काका शेजारी स्टूल टाकून बसले, हात मांडीखाली दाबून.

"अंगठा हळू. घाई कसली? पेशी काय पळून जातात?"

"काका, तुम्ही बोलता म्हणून चुकतं!"

"मी गप्प होतो तेव्हाही चुकलीस. तो खळगा सोडलास."

सोडला होता! दुसरा रिझल्ट पहिल्याशी जुळला. महिन्याभरानं तिसराही. मॅडमनी मॅनेजमेंटला फोन लावला, "फ्रीज रिकामा होणार नाही," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

*

त्याच दिवशी दुपारी काका मॅडमच्या केबिनमध्ये आले. मी तिथेच होते, रिपोर्टवर सह्या घेत.

"मॅडम, एक मागायचं होतं. नाही म्हणू नका."

मॅडमचा चेहरा पडला. पेन खाली ठेवलं. मलाही कळलं काय येणार ते, आणि उठून पळून जावंसं वाटलं.

"काका," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "तुम्हाला माहितीये मी ते देऊ शकत नाही. तुम्हालासुद्धा नाही. माझ्या हातात असतं तर..."

"अहो, अर्क कोण मागतंय?" काका वैतागले. "तो माणसाला देईपर्यंत मी असेन की नसेन. मी कामाचं बोलतोय. पिपेट आता हिला द्या, बरी भरते. मला पाला धुवायचं काम द्या."



काकांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. "पाण्यात धरला की पाला आपोआप खळबळून निघतो. हा कंप उगाच फुकट कशाला घालवायचा?"